आठल्ये मेंबरांची चिठ्ठी

सुहासिनी टिल्लू या बाईंचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती, आणि किसनराव शेजवळांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र काही सातासमुद्रापलीकडून आलेलं नव्हतं. इंदूरजवळच्या राऊहून आलं होतं. किसनरावांच्या इंदुरातल्या परदेशीपुऱ्यातून सकाळी निघालेला माणूस राऊला जाऊन, चहा पिऊन, दुपारच्या जेवणाला घरी परत येतो. किसनरावांना मात्र तेवढं अंतर नऊ वर्षांत कापता आलं नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, नीट विचार करून लिहू. महिन्यानं वाटलं, आता उशीर झाला, उशिराचं कारणही लिहावं लागेल. वर्ष उलटलं तरी कारण सापडेना, तेव्हा त्यांनी ते पत्र जाडजूड शब्दकोशात ‘क्ष’च्या पानांत ठेवून दिलं. त्या पानांकडे सहसा कुणी फिरकत नाही, हे चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला ठाऊक होतं.

ठेवून उपयोग काय? पत्र तर पाठच झालं होतं.

‘आपले पुस्तक वाचले,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘माझ्या आजोबांवर इतक्या प्रेमाने कुणी लिहील असे वाटले नव्हते. पान एकाहत्तर वाचून मात्र दोन दिवस झोप लागली नाही. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती शेवटपर्यंत सांगे, की गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी ती सुंठवड्यासाठी सुंठ कुटत बसली होती, तेव्हा आजोबा घरी आले आणि आजीला म्हणाले, “आज लिहून दिलं. टेकू लावल्याशिवाय मंडई उघडू नका, असं स्पष्ट लिहून दिलं.” मंडई पडली ती त्यानंतर. आपण म्हणता तसा त्यांनी मागाहून कागद तयार केला नाही. आजोबा स्वतःची बाजू कधी मांडत नसत. नुसते लिहून दिले आणि घरी आलो, हीच माझी चूक, एवढेच म्हणत. आपण अभ्यासक आहात. पुन्हा एकदा पाहाल का? उत्तराची वाट पाहते.’

खाली सही, पत्ता आणि मोबाइलचा नंबर.

हे आजोबा म्हणजे चिंतामणराव आठल्ये. मुंबईला इमारतींचं शिक्षण घेऊन ते होळकर संस्थानात नकाशे काढायला लागले, तेव्हा वरचा इंजिनिअर गोरा होता आणि आठल्यांचं काम होतं त्याच्या रेघा पक्क्या शाईत उतरवणं. दहा वर्षांत त्या रेघा आठल्यांच्या झाल्या. त्यांनी मुलींची शाळा बांधली, दवाखान्याला वारं खेळतं राहील असे व्हरांडे काढले, सरदार मंडळींच्या कोठ्या उठवल्या. मग मिलमजुरांच्या चाळींचं काम आलं आणि त्या कामानं माणूस बदलला. चाळींची मापं घ्यायला ते परदेशीपुऱ्यात यायचे. कोटाच्या खिशात सुतळीचा गुंडा असायचा. बोळ किती रुंद, नाली किती खोल, हे त्या सुतळीनं मोजायचं आणि दारातल्या बाईला विचारायचं, ‘पाणी कुठं तुंबतं?’ अशानं चार वर्षांत त्यांच्याकडे सगळ्या वस्तीचा नकाशा तयार झाला, आणि तो नकाशा घेऊन ते नगरसभेच्या निवडणुकीला उभे राहिले. डोक्यावर सोला हॅट, खाली सायकल. समोरच्या उमेदवारानं त्यांची ‘टोपीवाला मिस्त्री’ म्हणून टिंगल केली. मिस्त्री एकेचाळीस मतांनी निवडून आला.

वस्तीत नळ आले ते या मेंबरांमुळे. नळावर कुणी आधी भरायचं आणि कुणी लांब उभं राहायचं यावरून तंटा सुरू झाला, तेव्हा वरच्या जातीच्या चार प्रतिष्ठितांनी वेगळ्या नळाची मागणी केली. आठल्ये त्यांना म्हणाले, ‘पाइप एकच आहे. तोंडं तीन केली काय नि तेरा, पाणी तेच येणार.’ किसनरावांच्या आईचे वडील तेव्हा मिलमध्ये होते. ही गोष्ट ते इतक्या वेळा सांगत, की पोरं ऐकायच्या आधीच हसायची. वडील महूच्या छावणीतले शिपाई, घरात पुस्तक म्हणून नाही, अशा घरातला किसन पुढे ग्रंथालयात नोकरीला लागला, आणि निवृत्तीनंतर कुणाचं तरी चरित्र लिहावं असं मनात आलं, तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही.

चार वर्षं त्यांनी दप्तरं चाळली. शहाण्णव पानांचं पुस्तक, तीनशे प्रती, स्वतःच छापलेलं. त्यातलं एकाहत्तरावं पान मात्र त्यांना लिहावंसं वाटत नव्हतं.

झालं होतं असं. आठल्यांनी स्वतः आखलेली परदेशीपुऱ्याची मंडई एक सप्टेंबर एकोणीसशे पस्तीसला, रविवारच्या बाजारात पडली. उत्तरेकडचं छप्पर खाली आलं आणि तीन माणसं गेली. आठल्यांनी मेंबरकी सोडली आणि त्यानंतर साधं तुळशीवृंदावनही बांधलं नाही. मागून लोक म्हणत, की मेंबरांनी धोक्याची चिठ्ठी आधीच दिली होती, मंडई कमिटीनं दाबली. ती चिठ्ठी काही मिळाली नाही. मिळाला तो कमिटीच्या आवक रजिस्टरातला एक ओळीचा दाखला : ‘भादवा बदी ७, संवत १९९२. आठल्ये मेंबर की चिट्ठी. मंडी की छत में टेका लगाने बाबत.’

किसनरावांनी तिथींचं कोष्टक काढलं. पुण्यात छापलेलं, नावाजलेलं कोष्टक. भाद्रपद वद्य सप्तमी म्हणजे एकोणीस सप्टेंबर. मंडई पडल्यावर अठरा दिवसांनी मेंबर लिहितात, छताला टेकू लावा! त्यांनी त्या एका पानाची झेरॉक्स घेतली आणि रजिस्टर मिटून टाकलं. पुढचं पान उलटायचा धीरच झाला नाही. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी, खोटं लिहायचं नाही एवढ्या एका हट्टानं, त्यांनी लिहिलं : ‘ही चिठ्ठी घटनेनंतर स्वतःच्या बचावासाठी दाखल केली असावी, असा निष्कर्ष नाइलाजाने काढावा लागतो.’

पुस्तकाच्या प्रकाशनाला मराठी मंडळातले एक गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, ‘शेवटी काढलातच ना आमच्या माणसाचा दोष शोधून!’ आणि आठवड्यानं किसनरावांच्याच बौद्ध समाजातला जुना मित्र म्हणाला, ‘किसनभाऊ, त्या आठल्यांची इतकी आरती कशाला ओवाळली?’ दोघांना किसनरावांनी एकच उत्तर दिलं. म्हणजे काहीच दिलं नाही. पण त्यानंतर त्यांना रोज वाटायचं, आपण हे वाक्य का लिहिलं? पुरावा होता म्हणून, की मनाच्या तळाशी काही किल्मिष होतं म्हणून? त्यात बाईंचं पत्र आलं. उत्तर द्यायचं तर लिहावं लागणार होतं, की बाई, गोकुळाष्टमी श्रावणात येते आणि चिठ्ठी भाद्रपदातली आहे. तुमच्या आईची आठवण चुकीची आहे. मेलेल्या आईची आठवण खोटी पाडायची, तीही सुंठ कुटणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीची! ते त्यांच्यानं झालं नाही.

अशी नऊ वर्षं गेली.

यंदाच्या ऑगस्टमधली गोष्ट. जन्माष्टमीचा दिवस. शेजारच्या विपुलची आई, जिला सगळी गल्ली भाभीजी म्हणते, ती प्रसादाची वाटीभर पंजिरी, धण्याची गोड पूड, घेऊन आली. किसनरावांच्या घरी उपासतापास नाहीत, पण पंजिरीला कुणाची ना नव्हती. मीराबाईंनी तिला पाट दिला, पंखा तिच्याकडे वळवला.

‘भाभीजी, उपास करून तुम्ही वाळून राहिल्या की. आधी ते सावनचे सोमवार, आता हे.’

‘अरे, सावन कब का गया! राखी को पूरा हुआ. आज तो भादौ की अष्टमी है ना.’

किसनराव खिडकीशी वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली.

‘भादौ?’ ते म्हणाले. ‘भाभीजी, आज तर श्रावण वद्य अष्टमी.’

‘वो आप मराठी लोगों की, शेजवळजी. हमारा तो राखी के दूसरे दिन से भादौ लग जाता है. पहले बदी, फिर सुदी.’

‘आधी बदी?’

‘और क्या! पूनम को महीना पूरा, दूसरे दिन से नया. आपका अमावस को पूरा होता है. दिन तो एक ही है, नाम अपना-अपना.’

मीराबाईंना या चौकशीची गंमत वाटली. ‘अहो, हे तर गल्लीतल्या सगळ्या बायांना माहीत आहे. त्यांचा सावन आपल्याहून पंधरा दिवस आधी नाही का लागत? दरसाल तुम्हीच तर म्हणता, मंदिराचा भोंगा लवकर सुरू झाला म्हणून.’

म्हणत होते खरे. माहीत नव्हतं असं नाही. इंदुरात जन्म काढलेल्या मराठी माणसाला ते माहीत असतंच, जसं पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरतात हे माहीत असतं. पण ते ज्ञान गल्लीतलं होतं आणि कोष्टक टेबलावरचं, आणि दोघांची कधी गाठ पडली नव्हती. किसनराव आयुष्यभर संस्थानचे कागद वाचत आले ते मराठी कारकुनांनी लिहिलेले, मराठी महिन्यांचे. मंडई कमिटीचा कारकून मात्र माळव्यातला होता. त्यानं ‘भादवा’ लिहिलं, ‘बदी’ लिहिलं, ‘चिट्ठी’ लिहिलं. यापेक्षा आणखी काय सांगायला हवं होतं त्यानं?

भादवा बदी सप्तमी. म्हणजे आपली श्रावण वद्य सप्तमी. म्हणजे गोकुळाष्टमीच्या आदला दिवस.

‘अहो, पंजिरी सांडली,’ मीराबाई म्हणाल्या.

किसनरावांनी पंजिरीकडे पाहिलंच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एक मुलगी सुंठ कुटत बसली होती.

पहिले दोन दिवस त्यांना नुसती भीती वाटली. अभ्यासक म्हणवतो आणि ही चूक! लोक हसतील. आणि आताही आपण चुकत असलो तर? पंजिरी खाताना ऐकलेल्या गोष्टीवर इतिहास फिरवायचा? तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं. धम्मदीना बँकेत होती, आईसारखी तोंडाळ आणि वडिलांसारखी चष्मेवाली.

‘मग उद्या चला की रेकॉर्ड रूमला. सुट्टी आहे मला.’

‘बघू. दोन-चार दिवसांनी—’

‘बाबा, तुमचे दोन-चार दिवस नऊ वर्षांचे असतात. मी उद्या गाडी काढते.’

सत्त्याहत्तर वर्षांचे किसनराव डोक्यावर हेल्मेट आणि मांडीवर कापडी पिशवी अशा थाटात मुलीच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. रेकॉर्ड रूममध्ये श्रेया मॅडम नावाच्या बाई होत्या. त्यांनी रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

‘सर, आराम से पलटना. पन्ने एकदम पापड़ हो गए हैं.’

किसनरावांनी ते पान काढलं. तीच ओळ, तीच वळणदार शाई. बारा वर्षांपूर्वी त्यांनी इथंच रजिस्टर मिटलं होतं. आता पुढचं पान उलटायचं होतं आणि ते तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

‘मी उलटू?’ धम्मदीना म्हणाली.

‘नको. माझं काम आहे.’

बदी आठ, सुट्टी. बदी नऊ. बदी अकरा, भाजीवाल्यांची तक्रार. त्यांनी बोट लावून ओळीमागून ओळ वाचली. बदी तेरा. अमावस. आणि अमावसेनंतर आली सुदी एक. आश्विनाची नव्हे, समासात कारकुनानं स्वच्छ लिहिलं होतं : ‘भादवा सुदी १.’ मग सुदी दोन. मग सुदी तीन, इतवार. त्या दिवशी कारकुनाचं अक्षर बिघडलं होतं. ‘मंडी का उत्तर पाखा गिरा. तीन आदमी खतम.’ पुढे दोन ओळी शाई पसरलेली.

चिठ्ठीचं पान आधी. मंडईचं पान नंतर. मध्ये पाच पानं. कोष्टक नको, पंचांग नको. नुसती पुढची पानं उलटली असती तरी कळलं असतं.

किसनरावांनी बोटांवर दिवस मोजले. एकवीस ऑगस्ट. अकरा दिवस आधी. आठल्ये मेंबरांनी अकरा दिवस आधी लिहून दिलं होतं.

‘बाबा, रडताय का?’

‘नाही गं.’ ते चष्मा पुसत होते. ‘चूक माझीच आहे. पूर्ण माझी.’ आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की श्रेया मॅडमना वाटलं, आजोबांना हरवलेला वारसाहक्काचा कागद सापडला.

खरं तर त्यांनाही त्याचं नवल वाटत होतं. चूक सापडली की माणूस खजील होतो. ते तर किती तरी वर्षांनी पाठ टेकून बसले होते. इतके दिवस आपण बरोबर आहोत, याचंच ओझं होतं. आवडत्या माणसाबद्दलचं वाईट खरं आपल्याला कळलंय आणि ते आपणच जगाला सांगितलंय, ही गोष्ट छातीवर दगडासारखी बसली होती. आता कळलं, की ते खरं नव्हतंच. मेंबर जसे होते तसेच होते. खिशात सुतळी घेऊन फिरणारे, पाइप एकच आहे म्हणणारे.

घरी परत येताना मात्र दुसरी धास्ती लागली. बाई नऊ वर्षांपूर्वीच वयस्कर असणार. आज आहेत की नाहीत? हे आता सांगायला कुणी उरलंच नसेल तर?

तो विचार त्यांनी मनातच ठेवला, पण धम्मदीनानं ओळखला. तिनं शब्दकोश काढला, सरळ ‘क्ष’ उघडला. घरात सगळ्यांना ती जागा माहीत होती, हे किसनरावांना तेव्हा कळलं. तिनं नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. किसनराव दोन्ही हात हलवून नाही-नाही म्हणत होते.

‘हॅलो, कोण?’ बारीक, खणखणीत आवाज.

‘काकू, मी धम्मदीना शेजवळ, परदेशीपुऱ्यातून. तुम्ही सुहासिनी टिल्लू ना?’

‘हो. केवायसी असेल तर ते आमच्या मानसनं करून टाकलंय.’

‘नाही काकू. माझे बाबा, किसन शेजवळ. तुमच्या आजोबांवर त्यांनी—’

पलीकडचा आवाज हळू झाला. ‘गेले का ते?’

‘नाही हो! इथं समोर बसलेत.’

‘मग बोलत का नाहीत?’

‘घाबरलेत.’

‘मला? अगं, माझं वजन बेचाळीस किलो आहे.’

मीराबाईंनी पदर तोंडाला लावला. किसनराव घामानं भिजले होते.

‘काकू, तुमच्या पत्राबद्दल सांगायचं होतं. बाबांनी परत जाऊन ते रजिस्टर—’

‘थांब,’ बाई म्हणाल्या. ‘तू गोड मुलगी आहेस, पण थांब. मी काही त्यांना फोन केला नव्हता. पत्र लिहिलं होतं. पत्राला पत्रानं उत्तर द्यावं, असं आम्हाला शिकवलंय. नऊ वर्षं थांबले, आणखी आठ दिवस थांबेन. पोस्टानं पाठवा म्हणावं.’

‘निदान चांगलं आहे की वाईट, एवढं तरी—’

‘नको. तेही पत्रातच.’ पण फोन ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता.

किसनराव उठले, फोनजवळ वाकले आणि शाळेतल्या पोरासारखे मोठ्यानं म्हणाले, ‘चांगलं आहे!’

मग पलीकडून फक्त ‘बरं’ असं आलं. थोड्या वेळानं पुन्हा, ‘बरं झालं.’ आणि मग खणखणीत आवाजात, ‘पण लिहून पाठवा हं. मला ते हातात धरायचंय.’

आठ दिवस काय, दीड महिना लागला. पहिला खर्डा चौदा पानांचा झाला, तळटिपांसकट. दोन्ही पंचांगांचा उगम, माळव्यातली कालगणना, कारकुनांची परंपरा. मीराबाईंनी गठ्ठा हातात तोलून पाहिला. ‘बाईंना पत्र लिहून राहिले की दुसरं पुस्तक?’ दुसरा खर्डा दोन पानांचा होता. तो धम्मदीनानं वाचला.

‘बाबा, यात तुम्ही सतरा वेळा माफी मागितलीय अन् त्यांच्या आजोबांचं नाव दोनदा आलंय. हे पत्र कुणाबद्दल आहे?’

‘मला वाटलं, त्यांना राग—’

‘तुम्हाला वाटलं ते राहू द्या. त्या काय विचारून राहिल्या होत्या? पुन्हा पाहाल का, एवढंच ना? मग पाहिलं, काय दिसलं, सांगा.’

मध्येच किसनरावांना वाटलं, पत्र पुरेसं नाही. एकाहत्तरावं पान अजून लोकांच्या घरांत, ग्रंथालयांत तसंच आहे. त्यांनी चार ओळींचं शुद्धिपत्र छापून घेतलं. उरलेल्या एकशे साठ प्रती माळ्यावरून काढल्या आणि दोघं नवरा-बायको आठवडाभर फरशीवर बसून खळीनं त्या पट्ट्या चिकटवत होते. शहरातल्या ज्या ग्रंथालयांना पुस्तक भेट दिलं होतं, तिथे जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी लावली. मराठी मंडळात तेच गृहस्थ भेटले.

‘काय शेजवळसाहेब, चूक मान्य केलीत म्हणे?’

‘केली,’ किसनराव म्हणाले, आणि पुढे काही बोलायची गरज त्यांना वाटली नाही. घरी येईपर्यंत त्या गृहस्थांचं प्रकाशनाच्या दिवशीचं वाक्य त्यांना आठवलंही नाही. मग पायरीवर चपला काढताना आठवलं, की आज आपण त्या माणसाला उत्तर दिलं.

तिसरा खर्डा त्यांनी दसऱ्यानंतर एका सकाळी लिहिला, एकटाकी.

‘आदरणीय सुहासिनीबाई, सप्रेम नमस्कार. आपण विचारले होते, पुन्हा पाहाल का. पाहिले. आपल्या आईंची आठवण खरी आहे. चिंतामणरावांनी चिठ्ठी दिली तो दिवस गोकुळाष्टमीच्या आदला होता, २१ ऑगस्ट १९३५. मंडई त्यानंतर अकरा दिवसांनी पडली. हिंदी महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, हे मला ठाऊक असूनही मी कारकुनाची तिथी मराठी समजून वाचली. त्याहून मोठी चूक म्हणजे मी पुढचे पान उलटले नाही. दोन्ही पानांची छायाचित्रे सोबत आहेत. भिंग घेऊन पाहावीत, शाई फिकी आहे. पुस्तकाची दुरुस्त केलेली प्रतही पाठवत आहे.

‘माझ्या आईचे वडील परदेशीपुऱ्यात राहत. चिंतामणरावांनी लावलेल्या नळावर ते पाणी भरत. त्यांच्याबद्दल वाईट लिहिताना मला फार यातना झाल्या होत्या, आणि ते खोटे होते हे कळल्यावर फार बरे वाटले. आपल्यालाही तसेच वाटावे. उत्तरास उशीर झाला. त्याला कारण नाही, मी भित्रा माणूस आहे एवढेच. एकदाच क्षमा मागतो. आपला, किसन शेजवळ.’

‘आता बरोबर,’ धम्मदीना म्हणाली. ‘द्या, बँकेतून कुरिअर करते.’

‘नाही. पोस्टानं म्हणाल्यात.’

ते एकटे चालत निघाले. वाटेत दोनदा थांबले. एकदा पिन कोड तपासायला, एकदा नुसतेच. पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

‘रजिस्टर करायचंय,’ किसनराव म्हणाले.

‘रजिस्ट्री तो बंद हो गई, दादाजी. इसी महीने से. अब स्पीड पोस्ट ही है.’

पन्नास वर्षं ते महत्त्वाचं टपाल रजिस्टर करत आले होते. एरवी एवढ्या कारणानं ते घरी परतले असते. उद्या येऊ, विचारून येऊ. त्यांनी पाकिटावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि मग ते खिडकीच्या आत सरकवलं.

‘तेच करा. कधी पोहोचेल?’

‘राऊ? कल. ज़्यादा से ज़्यादा परसों.’

त्यानं पाकीट काट्यावर ठेवलं, चिकटपट्टी लावली, धाडकन शिक्का मारला आणि मागे न बघता ते पोत्यात टाकलं.